फोटोपुरती लावणी

कै. सौ. विठा जयदेव भोपी हिस,

आशीर्वाद. पत्रारंभी प्रकृतीची विचारपूस करण्याचा प्रघात आहे; तुझ्या बाबतीत त्याला अर्थ नाही, तरी मोडवत नाही. माझी प्रकृती ठीक. (चहात साखर किती, हे अद्याप निश्चित झालेले नाही.)

हे पत्र अंबरनाथच्या घरून नव्हे, सोनिवलीस तुझ्या शेताला लागून उभ्या राहिलेल्या इमारतीच्या दहाव्या मजल्यावरून लिहीत आहे. उल्हासनगर कॅम्प एकचा दलाल धर्मेश या रिकाम्या फ्लॅटच्या चाव्या स्वतः देऊन गेला. शेत बिल्डरला दिले की फ्लॅट माझा. "सर, आठ दिन रहा, हवा खा, मग सही करा," असे त्याचे म्हणणे. तू गेल्यापासून शेताकडे पाहवत नव्हते, म्हणून मीही नकार दिला नाही. फ्लॅटची बाल्कनी नेमकी शेताच्याच बाजूला निघाली.

आता मुख्य विषय. माझे चुलतबंधू महिपती, ज्यांनी स्वतःची जमीन विकून गाडी घेतली आणि शेत विकत नाहीस म्हणून तुला भर हळदीच्या मांडवात वेडी ठरवले, ते जमीन विकलेल्या आणखी चौघांना घेऊन लिफ्टने वर आले. त्यांच्या जमिनीवर आज या इमारतीची वाहने उभी राहतात. सरकारी कागदावर मात्र तेथे अजून भात डोलतो आणि त्याचे अनुदान महिपतीच्या खात्यात बिनचूक येते. त्यासाठी पिकात उभे राहून काढलेला फोटो पाठवावा लागतो. आसपास पीक एकच उरले होते, तुझे. ही मंडळी दरवर्षी त्यात उतरून शेतकरी होत असत आणि तू त्यांना वर चहाही देत असस, हे मला त्यांच्याकडूनच कळले. (या औदार्याविषयी माझे मत काय होईल हे ठाऊक असल्यानेच तू बोलली नसावीस.)

"दादा, वहिनी असती त आतापावेतो लावनी झाली असती," महिपती म्हणाले. "अवंदा शेत पडीक ठेवताव, त आमी उभं कुठं रवाचं?"

ज्यांना पीक हवे त्यांनी ते लावावे, असे मी सुनावले. त्यांनी ती परवानगी मानली. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पँटी घोट्यापर्यंत दुमडून सारे कृषिप्रेमी हजर. महिपतीची सून स्वप्नाली मोबाइल धरून रस्त्यावर उभी होती. तिच्या चौकटीत मावतील एवढ्याच चार ओळी लावण्यात आल्या. मग प्रत्येकाने आळीपाळीने एकच कोयता हातात घेऊन फोटो काढला. (लावणीला कोयता कशाला, हे विचारण्याइतके शेतीचे ज्ञान तेथे कोणालाही नव्हते.) त्यानंतर सर्वजण मटण खावयास गेले.

दहाव्या मजल्यावरून मात्र चौकटीबाहेरचेही दिसते. तुझे शेत समास आखून कोऱ्या सोडलेल्या कागदासारखे पडले होते. असल्या लोकांच्या सोयीसाठी जमीन राखणे मला मान्य नाही. उद्या सही करीन.

तुझा,
जयदेव

ता. क. फोटोनंतर उरलेली, बांधावर टाकलेली रोपे सुकू लागली होती, म्हणून केवळ पाण्यात ठेवण्यासाठी खाली उतरलो. रोपे हातात होतीच, तेव्हा दोन ओळी लावल्या. महिपतींनी रस्त्यावरून "दादा, फोटो काढू?" असे विचारले. चपला काढून खाली या, असे मी सांगितले. ते आले.

आणखी एक. मधल्या ओळी वाकड्या आहेत. कापणीपर्यंत त्यांच्याकडे दुर्लक्ष करावेस, ही विनंती. फ्लॅटचे दार कुलूपबंद केले. चाव्या धर्मेशला परत दिल्या.