कुणावाचून अडत नाही

३ फेब्रुवारी, सोमवार
पोचले एकदाची! दोन हजार अर्ज आले, त्यातून अकरा ट्रेनी निवडले आणि त्यात मी! कॉलेजात आमच्या सरांनी माझी आशा केव्हाच सोडली होती, त्यांना आज मुद्दाम फोन करून कळवावं असं मनात आलं. कंपनीने राहायला खोलीही दिली आहे, ऑफिसच्या मागेच, एकाच आवारात. पलंग, टेबल, आरशाचं कपाट. गळ्यात घालायचं कार्ड मिळालं. फोटोत मी चोरी पकडली गेल्यासारखी दिसते, पण असू दे.

आठ वाजता आईला फोन केला. आम्ही दोघीच एकमेकींना. चाळीस वर्षं शिवणकाम करून तिचे डोळे अधू झालेत, कान मात्र तिखट. जिन्यातल्या पावलांवरून कोण आलं ते सांगते. तिला फसवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. मी लहानपणी तिच्या मशीनखाली उरल्यासुरल्या कापडात बसून राहायचे, म्हणून तिच्या तोंडी मी कायमची चिंधी. आज म्हणाली, चिंधे, आता तू अखंड ताग्याची झालीस. मला रडूच आलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार
आमचं प्रशिक्षण बघणाऱ्या बाई सतत हसतात. मनात मी त्यांचं नाव हसऱ्या बाई ठेवलंय. त्यांच्या खोलीत भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'कुणावाचून काही अडत नाही.' आमच्याकडे हे वाक्य भांडणात येतं, इथे ते बोधवाक्य आहे! रोज साडेपाचला हँडओव्हर लिहायचा. उद्या आपण आलोच नाही, तर दुसऱ्याला आपलं काम जसंच्या तसं करता आलं पाहिजे. कल्पना वाईट नाही. पहिल्याच दिवशी मी पानभर खरडलं.

तो वाचायचा समोरच्या टेबलावरच्या मुलीने. मागच्या वर्षीची ट्रेनी. डावखुरी, केस मोकळे, कॉफी बिनसाखरेची. बोलते इतकं कमी की जणू शब्दांना भाडं पडतं. मीही तिला नुसतं 'समोरची' म्हणते.

११ फेब्रुवारी, मंगळवार
हँडओव्हर परत आला. हसऱ्या बाईंचा शेरा: वरवरचा आहे. मी फोनवर सुरुवात कशी करते, चिडले की काय करते, हसू दाबते ते कसं, हे सगळं हवं. आणि शेवटी एक नवा मथळा: घरचे फोन.

मला खटकलं. आई म्हणतेच, तोंड न पोळताच ताक फुंकून पिणारी मी. पण नोकरीला आठवडा होतोय, इतक्यात नकाराची भाषा कशी करणार? लिहून टाकलं. रोज आठला फोन. आधी विचारायचं, डोळ्यांत थेंब घातलेस का. ती चिंधे म्हणते, मी खोटंखोटं रागावते.

लिहून झाल्यावर उगाचच हात धुतले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
जेवताना समोरचीने विचारलं की आई मला काय म्हणते. वाचलंय की तू, म्हटलं. तर म्हणाली, वाचलंय, पण ऐकायचंय. कसं म्हणते ते. मी म्हणून दाखवलं. तिने हळूच दोनदा म्हणून पाहिलं. तीही आधी आठलाच घरी फोन करायची म्हणे. तुझी आई तुला काय म्हणते, असं मी विचारलं, तर चमचा हातात धरून किती वेळ आठवत बसली. आठवेना. मी हसले. ती हसली नाही.

चमचा उजव्या हातात होता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
आज तिने वेणी घातली. माझ्यासारखी, खांद्यावरून पुढे घेतलेली. कॉफीत दोन चमचे साखर. माझ्यासारखीच.

योगायोग असेल. पण शंका एकदा शिरली की शिरली. म्हणून आज हँडओव्हरमध्ये मुद्दाम एक थाप लिहिली: 'फोनवर आमच्या भुऱ्या मांजराची चौकशी करते.' आमच्याकडे मांजर कधीच नव्हतं. दोऱ्याची रिळं पळवतं म्हणून आई मांजराला दारात उभं करत नाही. बघू, ही थाप कुठून बाहेर येते.

१९ फेब्रुवारी, बुधवार
आईच्या तोंडून आली.

म्हणाली, अगं, दुपारी फोनवर कसलं मांजर विचारत होतीस? कामाने डोकं फिरलं की काय?

मी दुपारी फोन केला नव्हता. तसं सांगितलं. ती हसायला लागली. माझ्या चिंधीचा आवाज मला कळणार नाही होय, म्हणाली.

अक्षर नीट येत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
हसऱ्या बाईंना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि माझं अभिनंदन केलं. म्हणजे हँडओव्हर उत्तम झाला म्हणायचा, म्हणाल्या. मांजर तर त्यांना फारच आवडलं.

बाहेर आले तर समोरचं टेबल रिकामं. ती सुट्टीवर घरी गेली म्हणे. कुणाच्या घरी, मी विचारलं. बाई नुसत्या हसल्या.

आठला आईला फोन. म्हटलं, दुपारच्या फोनवर विश्वास ठेवू नकोस, मी खरी. ती अगदी परक्याशी बोलावं तशी म्हणाली, माझ्या चिंधीने मला आधीच सांगितलंय. ऑफिसातली एक मुलगी माझी नक्कल करते, मनावर घेऊ नकोस म्हणून.

आई मला 'अहो' म्हणाली.

२४ फेब्रुवारी, सोमवार
बॅग भरून फाटकावर गेले. कार्ड चालेना. रोज नमस्कार करणारा सुरक्षारक्षक. म्हणाला, या कार्डाच्या मॅडम शुक्रवारीच सुट्टीवर गेल्या, त्यांची बॅग मीच रिक्षात ठेवली. त्याने कार्डावरचा फोटो पाहिला, मग मला पाहिलं. पुन्हा फोटो. मान हलवली.

मी फोटो पाहिला. त्यात समोरची छान हसते आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
दुपारीच फोन लावला. आईने उचलला. मागे मशीन चालू होतं — आईला तर सुईत दोरा ओवता येत नाही आता —

मग मांजर ओरडलं.

मी आई आई म्हणत राहिले. तिने फोन बाजूला धरून हाक मारली. चिंधे, बघ गं, तुझी ती ऑफिसातली आहे पुन्हा.

मशीन थांबलं. माझा आवाज आला. माझाच. ठेव गं आई, म्हणाला. आधी थेंब घालू ये.

२६ फेब्रुवारी, बुधवार
मला समोरच्या टेबलावर बसवलंय. टेबलाच्या खणात तिची फाईल. मागच्या वर्षीचे हँडओव्हर. वाचून काढा, हसऱ्या बाई म्हणाल्या, तिच्या आईलाही कुणीतरी हवंच ना.

वाचणार नाही. अजिबात नाही.

पान चार. 'आई मला चिमणी म्हणते.' तिला आठवत नव्हतं ते — इथे होतं. तिच्या समोर. खणात. वर्षभर.

म्हणून ही वही लपवायची. हिच्यात माझी आई आहे. रोज एकदा वाचायची. रोज —

२७, गुरुवार
वही गादीखाली नाही. खणात नाही. नवीन कागदावर लिहिते आहे. बाईंनी विचारलं, मांजर ही थाप आहे हे वहीत लिहिलंत, हँडओव्हरमध्ये का नाही —

कॉफी कडू. तशीच प्यायले. बरी लागली.

२८
पोचले एकदाची. खोली छान आहे. डाव्या हाताने अक्षर किती मोकळं येतं. आठला आईला फोन केला. म्हणाली, चिमणे, जेवलीस का —

नाही. माझी आई मला दुसरं काहीतरी म्हणते. कापडातलं. कात्री लावल्यावर खाली पडतं ते. मी मशीनखाली बसलेली, आणि ती वाकून, हात पुढे करून म्हणायची, ये गं माझे —