चि. विदुला हिच्या पालकत्वाची आणि पोटापाण्याची व्यवस्था

मी, श्रीमती रत्नाबाई हैबतराव ढमाले, वय वर्षे अडतीस, बी.ए. (संस्कृत), बी.टी., मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका, राहणार पौड, पेटा मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या विचाराने लिहीत आहे. माझ्या हृदयाची झडप निकामी झाली आहे. बुद्धी शाबूत आहे. हा मजकूर मला कोणी सांगितलेला नाही. सुचवलेला पुष्कळांनी होता, तो मी घेतलेला नाही.

माझे यजमान कै. हैबतराव, शेतकी खात्यातील अधिकारी, गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात विषमज्वराने वारले. आम्हांला एकच अपत्य, कन्या चि. विदुला, आज तीन वर्षांची. तिच्या वडिलांनी तिच्यासाठी कोणी पालक नेमलेला नाही. विधवा आईला मृत्युपत्राने पालक नेमण्याचा अधिकार नव्या हिंदू कायद्याने दिलेला आहे, आणि तो मी बजावणार आहे. हे सारे लिहिणे त्या एका प्रश्नासाठी आहे. घर आणि जमीन आधी घेते, कारण त्यांचा निकाल सोपा आहे.

कलम पहिले. पौड येथील कचेरीमागचे माझे राहते घर, परसातील विहिरीच्या हक्कासह, चि. विदुला हिला देते. ती सज्ञान होईपर्यंत पुढच्या दोन खोल्या भाड्याने द्याव्यात. भाडेकरू शिक्षक असल्यास उत्तम. मात्र ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या मुलांच्या बरगड्या मोजणारे कुटुंब ठेवू नये. तसले एक कुटुंब शेजारी आहेच.

कलम दुसरे. माले येथील भातखाचरांतील आमचा वाटा विदुलेचा. तो आजवर माझे थोरले दीर श्री. कुशाबा हेच कसत आले आहेत. पुढेही त्यांनीच कसावा आणि निम्मे भात विदुलेच्या नावे ठेवावे. दीर दारू पितात हे मला माहीत आहे. त्याबद्दल पुढे लिहिणार आहे.

कलम तिसरे. माझी संस्कृत पुस्तके शाळेला द्यावीत. ती मुलींना हाताळू द्यावीत, फाटली तरी चालतील. कुलपात सुरक्षित राहिलेली पुस्तके मी फार पाहिली आहेत आणि ती ठेवणाऱ्यांविषयी माझे मत चांगले नाही.

कलम चौथे. होडीच्या आकाराची काचेची दूधबाटली, तिचा ब्रश, आणि ती उकळण्याचे पितळी पातेले या वस्तू शेजारच्या सौ. सारजाबाई, कचेरीतील अव्वल कारकुनांच्या पत्नी, यांना देते. या देण्यास कारण आहे.

विदुला महिन्याची असताना विहिरीवर पाच-सहा बायकांसमोर सारजाबाई म्हणाल्या, "मास्तरीणबाईंनी पोर काचंला लावलंय गं! अंगावर पाजलं की बी.ए. उतरतंय वाटतं." सगळ्या हसल्या. बाळंतपणातच माझ्या हृदयाचा दोष उघड झाला होता आणि अंगावर पाजण्यास डॉक्टरांनी मनाई केली होती. हे मी तेव्हा कोणाला सांगितले नाही. मला कारण विचारलेले नव्हते. निकाल ऐकवलेला होता. निकालाविरुद्ध मी विहिरीवर अपील करीत नाही.

आता कारण नोंदवले आहे. सोबत हेही नोंदवते की, याच बाटलीवर विदुला अकराव्या महिन्यात चालली, तिला एकदाही हगवण लागली नाही, आणि तिचे दात पाहून पुण्याच्या दंतवैद्याने माझे अभिनंदन केले. सारजाबाईंचा मुलगा सहाव्या महिन्यापासून बशीतला चहा पितो. त्याच्या दातांविषयी लिहिणे मी टाळते.

कलम पाचवे. माझे धाकटे बंधू श्री. वाल्मीक, वकील, राहणार पुणे, यांना या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमते. घर, जमीन, पोस्टातील शिल्लक यांचा कारभार त्यांनी पाहावा. ते प्रामाणिक आहेत, आणि त्यांच्याइतका काटेकोर कागद करणारा वकील मी पाहिलेला नाही. आमच्या वडिलांचे शिसवी मेज त्यांना देते. ते त्यांना लहानपणापासून हवे होते.

विदुला मात्र त्यांना देत नाही. हे कलम अमलात आणण्याचे काम मी त्यांच्याकडेच सोपवते, कारण मनाविरुद्ध असले तरी ते चोख करतील.

विदुलेचे जावळ काढले तेव्हा हैबतराव होते. थंडीचे दिवस होते. वाल्मीक मोटारीने सहकुटुंब आला. सरकारने सर्वांना दारू बंद केली, तरी प्रकृतीच्या कारणास्तव परवाना मिळतो आणि वाल्मीकची प्रकृती परवाना मिळण्याइतकी नाजूक आहे. जेवणापूर्वी त्याने पेला भरला. पेल्यात बोट बुडवले आणि मांडीवरच्या विदुलेच्या ओठांना लावले. तिने तोंड वाकडे केले. मंडळी हसली. त्याने पुन्हा बोट बुडवले.

मी म्हणाले, "वाल्मीक, बोट पूस."

"अगं ताई, दोन थेंब! हवा किती गार आहे. आमचा बाळ रोज यावरच झोपतो. डॉक्टरसुद्धा नाही म्हणत नाहीत."

मी पेला उचलला आणि मोरीत रिकामा केला.

"फ्रेंच होती गं ती," वाल्मीक इतक्या दुःखाने म्हणाला की हैबतरावांना हसू आवरेना. मला ते आवरणे कठीण गेले नाही.

वाल्मीकच्या घरी मुलांच्या मागे आया घास घेऊन जिन्यावरून धावते. मुले बिस्किटांवर वाढतात. रात्रीच्या जेवणाला बापाचा पेला आणि मुलाची वाटी एकाच मेजावर असतात. तेथे कोणी वाईट नाही. सर्व हौशी आहेत. हौसेने वाढवलेली मुले मी वर्गात दरवर्षी पाहते.

कलम सहावे. माझ्या थोरल्या जाऊबाई सौ. चंद्राबाई कुशाबा ढमाले, राहणार माले, यांच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आमच्या भांडणाची हकिगत पौड ते माले सर्वांना तोंडपाठ आहे आणि ती सर्वत्र चुकीची सांगितली जाते.

हैबतराव गेले त्यानंतरच्या पावसाळ्यात भाताच्या आवणीला मी विदुलेला घेऊन माले येथे गेले. बायका चिखलात वाकून रोपे लावत होत्या. बांधावर इरल्यांखाली त्यांची पाच तान्ही मुले ओळीने निजली होती. पाऊस कोसळत असताना एकही हलत नव्हते. मी एकाची पापणी उचलली. बुबुळातला काळा ठिपका मोहरीएवढा झाला होता. आवणीच्या दिवसांत मुलांना अफूची गोळी चाटवायची, म्हणजे ती दिवसभर निजतात आणि आयांचे हात मोकळे राहतात, ही येथली रीत. त्या पाचांत जाऊबाईंचा भैरूही होता.

जाऊबाईंच्या कनवटीला गोळ्यांची डबी होती. मी ती मागितली. त्यांनी दिली. मी ती सर्वांदेखत नदीत भिरकावली.

जाऊबाई चिखलातून वर आल्या. "मास्तरीणबाई, डबी फेकलीस ती बरी फेकलीस. आता पोरं उठत्याल. मग आवणी तू करतीस?"

"आवणी मला जमणार नाही. मुले मी सांभाळते."

"पाच?"

"सहा. विदुला आहे."

त्या दिवशी मी इरले पांघरून बांधावर बसले. मुले एकेक करून जागी झाली आणि एकदम रडू लागली. त्यांचे दूध वेळेवर व्हावे म्हणून मी एकेकीला ठरावीक अंतराने बोलावणार होते. माझी ही पद्धत पुस्तकातली आहे आणि ती योग्य आहे. भैरूचे रडणे ऐकून जाऊबाई मध्येच आल्या. मी म्हणाले, "अजून त्याची वेळ झालेली नाही."

"येळ?" त्या म्हणाल्या. "माजं दूध काय कचेरीत सही करून सुटतंय व्हय?"

खाचरातल्या बायका रोपे हातात धरून हसत सुटल्या. जाऊबाईंनी भैरूला एका बाजूला घेतले. मग मला न विचारता दुसऱ्या बाजूला विदुलेला घेतले. विदुला दोन वर्षांची होत आली होती आणि तिला अंगावरचे दूध ठाऊक नव्हते. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. नंतर डोळे मिटले आणि प्यायली.

मी म्हणाले, "हे मी सांगितले नव्हते."

"तिनं सांगितलं," जाऊबाई म्हणाल्या.

मला राग आला. तो रास्त होता आणि आजही मी तो मागे घेत नाही. दोन वर्षांच्या, दात आलेल्या मुलीला, माझ्या परवानगीवाचून, पाच-सात माणसांसमोर पाजणे ही शिस्त नव्हे. मी संध्याकाळच्या एस.टी.ने पौडला परतले. पुढे वर्षभर आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

या वर्षीच्या आवणीला मी पुन्हा गेले, ती वाट्याच्या भाताचे बोलायला. बांधावर इरली नव्हती. मुले आमच्या गोठ्याच्या माळ्यावर, कोरड्यात, म्हाताऱ्या रंभाबाईंपाशी होती. कोणी रडत होते, कोणी रांगत होते, एक शेण खाण्याच्या बेतात होते. अफू एकालाही नव्हती. प्रत्येक आई आळीपाळीने येऊन पाजून जाई आणि रंभाबाईंना सगळ्या मिळून भात घालत. ही व्यवस्था जाऊबाईंनी बसवली. आजूबाजूच्या दोन वाड्यांनी ती उचलली आहे.

जाऊबाई गावात सांगतात की ही युक्ती त्यांची. येथे स्पष्ट करते की मुलांना अफूवाचून कोणीतरी सांभाळायचे, ही कल्पना माझी. माळा, रंभाबाई आणि भात त्यांचे. हे श्रेय मी कोणालाही मृत्युपत्राने देत नाही. ते माझ्याकडेच राहील.

कलम सातवे. आता दारूविषयी. कुशाबाभाऊजी पितात, वाल्मीकही पितो. म्हणजे दोन्ही घरांत दारू आहे, असे वाल्मीकच्या पत्नीने मला पत्राने कळवले आहे. ते खरे आहे. परंतु भाऊजी पिऊन आले की जाऊबाई त्यांना उंबरा ओलांडू देत नाहीत. त्यांची भाकरी गोठ्यात जाते. एकदा माझ्यासमक्ष ते दारात उभे राहून म्हणाले, "अगं, घर कुणाचं हाय?" आतून उत्तर आले, "पोरांचं हाय. उतरली की या." ते निमूटपणे बैलांपाशी गेले.

एका घरात पिणारा जेवणाच्या मेजावर बसतो, दुसऱ्यात गोठ्यात. मला निवड करण्यास एवढे पुरे आहे.

कलम आठवे. माझ्या पश्चात चि. विदुला हिची पालक म्हणून मी सौ. चंद्राबाई कुशाबा ढमाले यांची नेमणूक करते. मुलीने शाळा सोडू नये. माले येथील शाळा संपली की तिला पौडला, नंतर पुण्याला पाठवावे, आणि त्यासाठी लागेल ते वाल्मीकने पोस्टातील शिल्लकेतून द्यावे. पुण्यात ती वसतिगृहात राहील.

कलम नववे. (हे कलम रद्द केले आहे. समासात माझी व दोन्ही साक्षीदारांची सही.)

कलम दहावे. वरील कलम का रद्द झाले ते कोणी तर्काने ठरवू नये, म्हणून लिहिते.

आज हे मृत्युपत्र जाऊबाईंना त्यांची संमती घेण्यासाठी साक्षीदारांसमोर वाचून दाखवले. त्या दारापाशी गुडघे उभे करून बसल्या होत्या. विदुला त्यांच्या पायांशी होती. भांडणाचे कलम त्यांनी मान हलवत ऐकले आणि "बरोबर लिवलंय. शेण खातं ते पोर भैरू व्हतं, तेवढं घाल," एवढीच दुरुस्ती सुचवली.

नवव्या कलमात विदुलेच्या आहाराचे नियम होते. दूध किती वेळा उकळावे, भाकरी कशात भिजवावी, कोणत्या वेळी काय आणि किती द्यावे, आजारात काय वर्ज्य; शिवाय चहा, अफू आणि दारू यांचा स्पर्श नको. तीन पाने होती. मी ती अनेक महिने विचार करून लिहिली होती, आणि त्यांतला एकही नियम चुकीचा नाही असे माझे मत आहे.

वाचून झाल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "अफू न्हाई, दारू न्हाई. ते माज्या घरात न्हाईच. बाकीचं खोड."

"का?"

"रत्ना, पोर देतीस तर देऊन टाक. माप देऊ नगंस."

मी विचारले, "आणि तिने खाल्ले नाही तर?"

"बसंन तिच्यापाशी. खाईल तवा खाईल."

साक्षीला बसलेले डॉक्टर म्हणाले, "बाई, घाई नाही, उद्या ठरवा." घाई आहे हे त्यांनीच मला मागच्या आठवड्यात सांगितले होते. मी जाऊबाईंना विचारले की नियम काढले नाहीत तर काय कराल? त्या म्हणाल्या, "तरी बी नेईन तिला. पर मग ती पावणी ऱ्हाईल माज्या घरात. रोज तुजं लिवलेलं बघून घास द्यायचा, म्हंजे लेकीचा न्हवं, पावणीचा."

मुलगी उठून माझ्याकडे आली नाही. ती तेथेच त्यांच्या लुगड्याचा काठ चघळत बसून राहिली, आणि तो काठ तिच्या तोंडातून काढावा असे मी म्हणाले नाही.

मी नववे कलम खोडले. अक्षर वाचता येणार नाही इतके खोडले, कारण अर्धवट खोडलेला मजकूर वाचून लोक तो पाळतात. हा निर्णय माझा आहे, आणि तो मी पूर्ण शुद्धीत घेतला आहे. विदुलेने काय खावे, किती खावे आणि केव्हा खावे, याविषयी माझी आता कोणतीही आज्ञा शिल्लक नाही.

येणेप्रमाणे लिहून, पुन्हा वाचून, मी सही करीत आहे. पालक हिला या मृत्युपत्राने काही मिळकत मिळत नसली, तरी तिला साक्षीदार केलेले नाही. तिने पालकत्व कबूल असल्याचा अंगठा वेगळा दिला आहे.

(सही) रत्नाबाई हैबतराव ढमाले

पालकत्व कबूल: चंद्राबाई कुशाबा ढमाले, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

लिहिणारीने आमच्यादेखत सही केली व आम्ही तिच्यादेखत साक्ष घातली:

१. डॉ. मनोहर विष्णू ओगले, एल.सी.पी.एस., पौड

२. जोतिबा म्हसू मारणे, सहशिक्षक, पौड

मुक्काम पौड, पेटा मुळशी, जिल्हा पुणे
मार्गशीर्ष, शके १८८१. शनिवार, १२ डिसेंबर १९५९