तुरटीवरचे खळगे

९ नोव्हेंबर

किच्-किच्! त्या आवाजानं आज पहाटे जाग आली. उठून पाहतो तर मोरी कोरडी, घर गप्प.

ओली बोटं तुरटीवर घासली की होतो तो आवाज. पहिल्यांदा ऐकला लग्नानंतरच्या आठवड्यात. मी स्टुलावर बसलेलो, तोंडाला फेस, उजव्या हातात वडलांचा वस्तरा. डावा हात पंचाखाली लपवलेला. त्याची मधली तीन बोटं छापखान्यातल्या कागद कापायच्या यंत्रानं नेली होती. गाल ताणून धरल्याशिवाय वस्तरा चालत नाही, आणि उरलेल्या अंगठा-करंगळीत फेसाळ गाल काही धरला जात नाही! रोज दोन-चार जखमा ठरलेल्या.

ही दारात उभी राहून बघत होती. बोटं ओली केली, तुरटीवर घासली आणि माझा गाल धरला. दोन बोटं कानापुढं, अंगठा जबड्याखाली. हलायची सोय नाही! "तुरटी लावली की बोट सरकत नाही," म्हणाली. "बाबा अंथरुणाला खिळले होते ना, तेव्हा दादानं शिकवलं."

हाच तो दादा. "थोट्याला बहीण देणार नाही" म्हणणारा. हिनं ऐकलं नाही. त्यानं लग्नाला पाठ फिरवली ती कायमची. आमचा उंबरा कधी ओलांडला नाही.

त्या दिवसापासून रोज सकाळी किच्-किच्. आता ती नाही. ती गेल्यापासून वस्तरा म्यानात.

१० नोव्हेंबर

दाढी खाजते.

१२ नोव्हेंबर

दाढी करताना मला हटकून शाळेतल्या कविता आठवायच्या. नदीची, पाखराची, आजारी मुलाच्या आईची. अख्ख्या वर्गानं डुलत डुलत एका सुरात म्हटलेल्या. पुस्तकं रद्दीत गेली, चाली काही जाईनात! मी सुरू केलं की ही ओरडायची, "अहो, कविता नंतर! हनुवटी हलते. नाक गेलं तर मला बोलायचं नाही."

मग मनातल्या मनात म्हणायचो. ओळीगणिक वस्तऱ्याचा एक हात. ओळ संपली की वस्तरा उचलायचा. तिला ते कळायचं. "संपलं का कडवं?" विचारायची आणि बोटं दुसऱ्या गालावर न्यायची.

आता मोकळं रान आहे, कितीही हनुवटी हलवा! आज नदीची म्हणायला बसलो. पहिली ओळ आली. दुसरी येईना.

१३ नोव्हेंबर

मोरीच्या खिडकीत वाटी, वाटीत तुरटीची वडी. आज खाली काढून उजेडात पाहिली. वरच्या बाजूला शेजारी शेजारी दोन खळगे, पाठीमागं अंगठ्याचा एक. नवी वडी आणली की आधी टोकदार, परकी असायची. हळूहळू तिच्या बोटांची होऊन जायची.

माझं बोट खळग्यात ठेवून पाहिलं. बसत नाही. तिची बोटं बारीक. कोरडंच ठेवलं हो! ओलं लागलं की झिजणार, आणि झिजली की गेले खळगे. फोटो आहेत, साड्या आहेत. पण हात असा कशावर उमटलेला नाही. इथंच आहे. तेव्हा दाढी नको नि काही नको. वडीला पाणी लागू द्यायचं नाही, बस्स.

१५ नोव्हेंबर

लेक आली, चार दिवस राहील. दारातच म्हणाली, "बाबा, हे काय! ओळखलंच नाही मी." खालचा शिंपी जिन्यातून ओरडला, "ताई, काकांना सांगा, लोक पाया पडायला यायला लागलेत!" ती हसली, मग आत जाऊन रडली.

जावयानं दिलेलं दाढीचं यंत्र तिनं कपाटातून शोधून काढलं. "बटण दाबलं की झालं!" मी म्हटलं, असू दे. "मग न्हाव्याकडे तरी चला." मी म्हटलं, बघू.

जेवताना हळूच— "मामाला कळवू का?"

"नको."

१७ नोव्हेंबर

रस्ता खणून ठेवलाय, काल नळाला गढूळ पाणी आलं. चहासारखं! लेकीनं पिंप भरलं. मी कट्ट्यावर पेपर वाचत होतो.

आज सकाळी हाक मारली तिनं. "बाबा, बघा तरी!" पिंपातलं पाणी आरशासारखं. तळाला मातीचा थर, वर लखलखीत. पोर खूश! "आई असंच करायची ना? तुरटी फिरवली नि आतच राहू दिली. चांगली रात्रभर."

पाण्यात हात घालून तिनं ती वर काढली. नखाएवढी चकती. गुळगुळीत.

"किती स्वच्छ झालं नाही?"

"हो," म्हटलं. "छान झालं."

काय सांगणार? आई करायची तेच तर केलं तिनं. तिनं पेला भरून दिला. प्यालो. किंचित तुरट. आणखी एक मागून घेतला. ती म्हणाली, "आज तहान बरी लागलीय तुम्हाला!"

१८ नोव्हेंबर

काही लिहावंसं वाटत नाही.

२० नोव्हेंबर

लेक गेली. जायच्या आधी दुकानातून नवी वडी आणून वाटीत ठेवली. "जुनी मी संपवली ना तुमची." चारी कोपरे धारदार, आरपार दिसणारी. रिक्षात बसताना माझ्या गालावर हात फिरवला. "टोचतंय. कराल ना बाबा? पुढल्या खेपेला मला माझे बाबा दिसू देत."

शब्द दिलाय. आता राखायला काही उरलंही नाही.

२३ नोव्हेंबर

बसलो एकदाचा. वस्तऱ्याला पट्ट्यावर धार लावली. करंगळी नि अंगठा ओला केला, नव्या वडीवर घासला. आवाज आला, पण तो नव्हे. कानापुढं धरायला गेलो तर बोटं पुरेनात. गाल सुटला, वस्तरा घसरला, हनुवटीवर रक्त. वडी टेकवली. अशी झोंबली की डोळ्यांत पाणी! बरं झालं, झोंबल्याचं निमित्त तरी मिळालं.

तेवढ्यात दार वाजलं. शिंपी असेल म्हणून फेसासकट गेलो.

दारात काठी टेकत एक म्हातारा. धापा टाकत होता. मला ओळख पटली ती भुवयांवरून. हिच्याच भुवया!

"भाचीचा फोन आला. परवा कळलं," एवढंच म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग डाव्या हाताकडे. मी हात लपवला नाही.

त्यानं काठी भिंतीला लावली. चपला काढल्या. उंबरा ओलांडून आत आला आणि बाह्या दुमडायला लागला.

"बसा, जावईबापू. तुरटी कुठं आहे?"

किच्-किच्.

दोन बोटं कानापुढं. अंगठा जबड्याखाली.