गोठ्यातल्या ड्रॅगनची व्यवस्था

पित्याला, पुत्राला व पवित्र आत्म्याला स्मरून. मी, फर्डिनंड जोसेफ तुस्कानो, बागायतदार, राहणार वटार, तालुका वसई, जिल्हा ठाणे. देह थकला आहे, बुद्धी थाऱ्यावर आहे. कोणाच्या धाकाने वा आग्रहाने नव्हे, राजीखुशीने हे लिहून ठेवतो. यापूर्वी काही लिहिले असेल ते रद्द समजावे; कविता सोडून.

१. घर व केळीची वाडी पत्नी सालोमी हिची, तिच्यामागे मुलगा एरॉल याची. विहिरीकाठचे जामचे झाड तोडू नये. त्याच्याखाली बसून मी शाळेच्या कविता पाठ केल्या.

२. कोयते व फवारणीचा पंप एरॉलने घ्यावेत. माझी शिडी शेजारी बळीराम याच्याकडे आहे. ती त्याच्याकडेच राहू द्यावी. मात्र मी विसरलो होतो असे त्याला वाटू देऊ नये.

३. नात ब्रिटनी तुळिंजच्या दुकानातून जादूच्या प्राण्यांच्या खेळाची पाकिटे आणते. त्यातली चमकत्या वर्खाची कार्डे आमच्या खाऱ्या हवेत वाकतात. "आजोबा, वाकलेलं कार्ड उलटं ठेवलं तरी ओळखू येतं, मग सगळे चीटिंग म्हणतात. तुम्हीच घ्या," असे म्हणून तिने ती मला दिली.

पहिल्यावर पंखांचा मासा होता. उजेडाकडे कलता केला, तर त्याच्या अंगावरून पाणी वाहिले. मास्तर चालीवर कविता म्हणत तेव्हा काळ्या फळ्यात मला असाच समुद्र दिसे. इतक्या वर्षांनी तो परत आला, तळहातावर मावेल एवढा होऊन. खेळ मला अजून कळत नाही. कार्डे बायबलखाली सपाट करून ठेवली आहेत. ती सगळी ब्रिटनीची, एक सोडून.

४. नाताळात ही कार्डे मी गोठ्याच्या देखाव्यात मांडतो. बाळ येशूला बघायला सारी सृष्टीच आली असणार, अशी माझी समजूत. मेंढरांच्या पार मागे लाल ड्रॅगन उभा करतो. थोरली बहीण एमिलीबाय हिने तो पाहिला.

"सैतानाला पाहुणा बोलावलास, फर्डी? तुझा बाप्तिस्मा पुन्हा करायला हवा."

ती गेली, ती त्यानंतर कुठल्याच नाताळला आली नाही. सालोमी म्हणते, कार्ड काढा आणि बहिणीला आणा. मला दोघेही हवेत. म्हणून लाल ड्रॅगन एमिलीबायला द्यावा. फाडायचा तर तिने फाडावा, पण आधी एकदा खिडकीशी नेऊन पाहावा.

पुरवणी. साक्षीदार म्हणून मी एमिलीबायलाच बोलावणे धाडले. मृत्युपत्र म्हटल्यावर ती आली. वकील सदानंद नाईक सारे वाचून म्हणाले, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. बाई, कार्ड हवं की सही करताय?"

"राक्षस कोणाला हवाय? पेन द्या."

तेव्हा तो मी जिवंतपणीच तिच्या हातात दिला. ओठ घट्ट मिटून तिने तो खिडकीशी नेला. कलता केला. पुन्हा केला. वकीलसाहेबही उठून तिच्या मागे उभे राहिले.

"याचा श्वास चाललाय रे," ती हळूच म्हणाली. आणि मग नेहमीच्या आवाजात, "बैलाच्या श्वासाने बाळाला ऊब मिळाली म्हणतात. याचा तर त्याहून गरम. एवढा मागे थंडीत कशाला उभा केलास? अक्कल नाही तुला."

सबब कलम ४ रद्द. गोठा यंदा एमिलीबाय मांडणार आहे.

स्थळ: वटार
दिनांक: २१ नोव्हेंबर २००४

सही: फर्डिनंड जोसेफ तुस्कानो

साक्षीदार:
१. सदानंद नाईक, वकील
२. एमिली तुस्कानो, बहीण