शनिवारी माझ्या खुर्चीत

मी, राधाबाई धाकू घाडी, वय पंचाहत्तरच्या आसपास, शिक्षण दुसरी, राहणार मुलुंड पूर्व, हे मृत्युपत्र राजीखुशीने व डोकं ठिकाणावर असताना लिहिते. डोक्याबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. सून अनुपमा कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, पण तिचा दाखला चालत नाही. ती वेड्यांची डॉक्टर नव्हे, हे मलाही उशिराच कळलं.

१. मुलुंडच्या दोन खोल्या माझ्या नावावर आहेत. त्या माझ्या पश्चात अनुपमाला, एकटीला. थोरला राजाराम, तिचा नवरा, गेला तेव्हा धाकटा सहदेव म्हणाला, "वहिनीला एकटीला दोन खोल्या कशाला? विकून टाकू." सहदेवा, कांदिवलीची जागा घेताना माझ्या पाटल्या नेल्यास. तुझा वाटा तुला पोचला. भांडायचं तर आत्ता ये, मी आहे तोवर.

२. बाहेरच्या खोलीत दर शनिवारी नवे प्राध्यापक अनुपमाकडे शिकवण्याचा सराव करायला जमतात. एकजण शिकवतो, बाकीचे चुका काढतात. कॉलेज यासाठी वर्ग देत नाही. प्राध्यापकांना कसलं शिक्षण, म्हणतात. खोली विकली तर हे कुठे जातील? मीही आधी विचारलं होतं, "इतकी वर्षं प्राध्यापक वर्गात काय करत होते गं?"

"बोलत होते, आई."

मला ती आरामखुर्चीत बसवते. मला डुलकी लागली की धडा फसला. मागच्या बाकावरची पोरं अशीच हातची जातात, म्हणते.

मार्तंड आला तो खिशात राजीनामा घेऊनच. वर्गात पोरं त्याची हुर्यो करायची. इथेही फळ्याकडे तोंड करून पुटपुटत होता. म्हटलं, "मेल्या, फळ्याला परीक्षा द्यायची नाही. इकडे बघ." वळला. माणूस का विसरतो, ते सांगू लागला. मध्येच म्हणाला, "आजी, शाळेतलं काय आठवतं?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

म्हटलं, "छडी. शिकवलं काय, ते नाही आठवत."

त्याने तेच धरून पुढे शिकवलं; मला डुलकी लागली नाही. जाताना त्याने राजीनामा फाडला. कपटे माझ्या खुर्चीखाली टाकले. झाडले मी.

३. शेजारची शकू अनुपमाला वेड्यांची मास्तरीण म्हणते. माझी खोबरं खवायची विळी तिने नेली ती परत आणलीच नाही. ती तिलाच दिली असं समजावं.

४. अनुपमाला मी तोंडावर कधी बरं म्हटलं नाही, इथेही म्हणत नाही. खोल्या दिल्या, त्यात काय ते समजावं.

५. माझी खुर्ची विकू नये, तिच्यावर फोटो ठेवून हार घालू नये. शनिवारी तिच्यात शाळा न शिकलेलं कुणीतरी बसवावं. शकूही चालेल. तिला डुलकी लागली तर उठवू नये. शिकवणाऱ्याने पहिल्यापासून सांगावं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला. ऱ्हस्व-दीर्घ वकिलांनी सुधारलं. आज शनिवार आहे. चारला नवीन आलेली विमला पहिल्यांदाच शिकवणार, मघापासून चार वेळा पाणी प्यायली. तेव्हा सह्या आटपा.

सही : राधाबाई धाकू घाडी

साक्षीदार :
मार्तंड सोनावणे, प्राध्यापक (अजूनही)
चंद्रप्रकाश तळवडेकर, सोसायटीचे सेक्रेटरी

मुलुंड, २१ नोव्हेंबर १९८७