मिलिंगचे हिरवे बटण

मी, केसरीनाथ हिराजी मढवी, वय ६९, पूर्वीचा लूम (यंत्रमाग) फिटर, राहणार काल्हेर, ता. भिवंडी, जि. ठाणे, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. भीती मात्र पुष्कळ आहे. भ्यालेल्या माणसाचे मृत्युपत्र चालते काय, असे वकिलांना विचारले, तर म्हणाले, "काका, न भ्यालेला माणूस ते करायला येतो कुठे?" सोमवारी ठाण्याच्या इस्पितळात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. काळजीचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणतात. त्यांचे काय जाते? छाती माझी उघडणार आहे.

माझी पत्नी कमळा समोर बसून वाल सोलते आहे. ती म्हणते, "तुमी अजून हाव ना? मग येवढं काय घाबरताव?" मला सोमवारची भीती आहेच, पण त्याहून मोठी वेगळी आहे. ती कलम पाचमध्ये येईल.

१. काल्हेरचे राहते घर कमळाच्या हयातीत तिचे. तिच्या पश्चात मुलगा भावेश आणि मुलगी हेमाली यांना सारखे. भावेशने मध्ये भिंत घालू नये. घातली तर माझा फोटो त्याच्या बाजूला लावू नये.

२. बँकेतील सर्व ठेव कमळाची. तिने ती कशी खर्चावी हे कोणी शिकवू नये. चाळीस वर्षे घर तिनेच चालवले, मी फक्त लूम चालवले.

३. माझा चुलतभाऊ दामू याने लोखंड पकडायचा माझा नवा वाईस चार दिवसांसाठी नेला, दोन वर्षांनी आणला, आणि जबड्याला ड्रिलने भोक पाडून वर म्हणाला, "आधीपासूनच होतं." तो वाईस मी दामूलाच देत आहे, भोकासकट.

४. बाकीची सर्व हत्यारे हेमालीला. भावेश गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे, त्याला पाना आणि पक्कड यांतला फरक कळत नाही. हेमालीने आयटीआय केले, डाय म्हणजे साचे बनवणाऱ्या कारखान्यात नाव काढले. तिचा हात माझ्याहून चांगला आहे. तो हात शाबूत राहावा.

५. मागच्या खोलीतील, फिरत्या कटरने लोखंड कापायचे लहान मिलिंग मशीन. हे नीट लिहायला हवे.

लूमची गिअर चाके घरीच कापावीत म्हणून २०१३ साली मी ते घेतले. निवडायला माझा दोस्त सिराज बुबेरे सोबत होता. आम्ही दोघे एकाच कारखान्यात फिटर. जुन्या मशिनांच्या गाळ्यात तीन मशिने होती. पहिले देखणे, पण इतके जड की माझा ओटाच बसला असता. दुसरे स्वस्त, पण गोल खांबाचे. कटरचे डोके वरखाली केले की जागा सुटते. तिसऱ्याचा रंग उडालेला, पण खांब चौकोनी. सिराजने डोळे मिटून टेबलाचे चाक एका बोटाने फिरवले. म्हणाला, "हे घे. बाकीची दोन तुझं डोकं खातील." ते बोट उजव्या हाताचे पहिले होते.

मग एकवीस दिवस मी ते जुळवत बसलो. टेबल ज्या खाचेत सरकते तिथली पट्टी घासून बसवली, डोके कुठे कलते ते मोजायची डायल लावून पाहिले, बिडीच्या पुड्याचा कागद सारून केसभर फरक काढला. शेवटी डायलची सुई जागची हलेना. कमळा म्हणाली, "पोरांची लग्नं जुळवताना येवढं बघितलं न्हाय."

आणि एवढे केल्यावर दोन मिनिटांत मी माती खाल्ली. त्या मशीनला हिरवे बटण आहे. लाईट गेली की ते आपोआप सुटते, आणि लाईट आल्यावर पुन्हा दाबल्याशिवाय मशीन फिरत नाही. आमच्याकडे लाईट दिवसातून चारदा जायची. लूमवाल्यांची खोड अशी की स्टार्टर डायरेक्ट करून ठेवायचे. लाईट आली की लूम आपोआप सुरू, कपडा वाया जात नाही. मी तीच अक्कल मिलिंगवर लावली. दोन तारा जोडल्या. हिरवे बटण नुसते शोभेला राहिले.

त्याच वर्षी भर दुपारी सिराज माझ्याकडे चाक कापत होता. लाईट गेली. कटरखालचा लोखंडाचा कीस काढायला त्याने हात घातला. लाईट आली. पहिले बोट आणि मधले, दोन्ही गेली.

मी धामणकर नाक्यावर चार माणसांत सांगितले, "फिरत्या मशीनमध्ये हात घातला, घाई नडली." घाईत हात घालणाऱ्या फिटरला कोण बोलावणार? तेव्हापासून तो मेहुण्याच्या दुकानात लूमचे पार्ट मोजून देतो. मी मशीनवर ताडपत्री टाकली. तारा तशाच आहेत.

काल हेमाली म्हणाली, "बाबा, तुम्ही ठाण्याला असताना मी खोली साफ करते, मशीन चालू करून बघते." नको म्हटले तर कारण विचारील. कारण सांगितले तर सिराजची बोटे कोणी घेतली हे तिला तिथल्या तिथे कळेल. आज सकाळी पेचकस घेऊन गेलो. कुलूप काढले. ताडपत्रीला हात लावला आणि पळून आलो. देवा शपथ, पळून आलो.

म्हणून लिहितो: मशीन हेमालीचे, पण तारा नीट केल्याशिवाय तिने त्याला हात लावू नये. चूक माझी होती, सिराजची नव्हती.

६. सिराजला मी काही ठेवत नाही. ज्याला द्यायचे त्याला साक्षीदार करू नये, असे वकील म्हणतात, आणि साक्षीला मला तोच पाहिजे.

इथे सही करायची होती. पण पुढचे लिहिणे भाग आहे.

सिराज जुम्म्याची नमाज आटोपून आला. साक्षीदाराने आतला मजकूर वाचायची गरज नसते. मी म्हटले, "वाच." त्याने कलम पाच वाचले, कागद खाली ठेवला.

"मशीन आपोआप चालू झालं होतं, केसरी. फिटर हाय मी. मला कळलं नसंल काय?"

"मग बोलला का नाहीस?"

"अकरा वर्षं तू रस्त्यात भेटायचास, पण माझ्या हाताकडं बघायचा न्हाईस. म्हटलं, बघू, कवा बघतो." मग म्हणाला, "सही नंतर. पयलं पोरीला हाक मार."

हेमाली आली. मी तिच्या देखत सगळे तोंडाने सांगितले. ती सरळ मागच्या खोलीत गेली; माझ्याशी अजून बोललेली नाही. सिराजने ताडपत्री ओढली, मेन बंद करून डाव्या हाताने जोडलेल्या तारा सोडवल्या, तिला दाखवून बटणाला लावल्या. हिरवे बटण दाबले, मशीन फिरले. हेमालीने मेन पाडला, पुन्हा चढवला. मशीन गप्प. पाच वेळा केले. पाचही वेळा गप्प. सिराजने टेबलाचे चाक करंगळीने फिरवून पाहिले आणि म्हणाला, "जुळवलंस मात्र चांगलं."

त्याने माफ केले काय, हे विचारायचे धाडस मला झाले नाही. त्यानेही सांगितले नाही.

भीती अजून आहे, पण आता ती फक्त सोमवारची आहे.

लिहून देणार: केसरीनाथ हिराजी मढवी

आमच्या समोर सही केली, आम्ही त्यांच्या समोर केली:
१. बाळाराम गोमा केणी, शेजारी
२. सिराज दाऊद बुबेरे, फिटर (सही डाव्या हाताने)

काल्हेर, ता. भिवंडी
शुक्रवार, १५ नोव्हेंबर २०२४