डॉजच्या इंजिनाला कोणी हात लावू नये

मी, नाथा धर्मा गायकर, वय बहात्तर, निवृत्त फिटर, राहणार मोरिवली, अंबरनाथ, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. चिरंजीव विनीतचं मत वेगळं असल्यास ते त्याने स्वतःपाशी ठेवावं.

१. घर विनीत व कन्या संजीवनी यांना समान. अंजनी, माझी पत्नी, हयात असेतो तिला कोणी ऊठ म्हणू नये.

२. पाने, जॅक, सगळी हत्यारं संजीवनीस. विनीतला नट कुठल्या बाजूला फिरवायचा हे आजवर कळलेलं नाही.

३. आता मुद्द्याचं. अंगणातली १९५८ सालची, मागे दोन पंख असलेली अमेरिकन डॉज गाडी. उल्हासनगरच्या एका शेठने दारातली अडगळ म्हणून मला दिली. बॉनेट उघडलं आणि मी गारच पडलो! साधं इंजिन नव्हेच. गिऱ्हाइकाने मुद्दाम मागितलं तरच मिळायचं ते डी-५००, आठ सिलिंडरचं, वर दोन कार्ब्युरेटर! असली इंजिनं काढून लोकांनी डिझेलची बसवली, परवडतात म्हणून. मी नाही बसवलं.

गावातले नवरदेव याच गाडीतून मिरवले. पण हे इंजिन पळायला जन्मलेलं. बँडच्या मागे रांगायला लावलं की तापतं आणि बंद पडतं. मग वऱ्हाडाने ढकलायची. विनीतने स्वतःच्या वरातीत शेरवानी घालून ढकलली, तेव्हापासून त्याचा डोळा इंजिनावर आहे.

४. माझ्या अंत्ययात्रेत गाडी आणू नये. मला रस्त्यात ठेवून तिलाच ढकलत बसाल.

५. गेल्या वर्षी मी इस्पितळात असताना विनीतने डिझेल इंजिन घेऊन मिस्त्री बोलावला. जन्मभर गाडीला सवत म्हणणारी अंजनी थेट बॉनेटवर चढून बसली.

"आई, उतर ना! लोक बघतायत."

"बघू देत. हे घरी येईपर्यंत हिच्या काळजाला हात लावलास तर याद राख!"

मिस्त्री चहा पिऊन गेला. हे मला शेजारच्या कौसाबाईंनी सांगितलं. अंजनी अजून कबूल करत नाही. म्हणून गाडी, इंजिनासकट, एकट्या अंजनीची.

६. आत्ता अंजनी साक्षीदार म्हणून सही करायला बसली. वकील म्हणाले, "काकू, तुमची नाही चालणार. गाडी तुमच्या नावावर केलीय." तिने पदर डोळ्यांना लावला. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

मग म्हणाली, "चावी द्या इकडे."

"अगं, मी अजून जिवंत आहे!"

"म्हणूनच मागते. मागनं मला चालवायला शिकवणार कोण?"

स्थळ: मोरिवली
दिनांक: ९ डिसेंबर २००६

सही: नाथा धर्मा गायकर

साक्षीदार:
१. कौसाबाई तुळशीराम म्हात्रे
२. सदू बाळाराम भोईर